मदत हवी आहे : नेपाळमधील लहान नद्या आणि गाउँपालिका

नमस्कार. पूर्व नेपाळमधील सप्तकोशी नदीच्या खोऱ्यातील लहान नद्या आणि त्यांच्या काठच्या गाउँपालिका (ग्रामीण भागातील स्थानिक संस्था) दाखवणारा मराठी नकाशा मी तयार करत आहे. २०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळमध्ये ७५३ स्थानिक संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी ४६० गाउँपालिका असून, डोंगराळ भागात इंद्रावती, भोटेकोशी, तामाकोशी अशी नद्यांचीच नावे अनेकींना मिळाली आहेत. मात्र सुनकोशी नावाच्या गाउँपालिका सिंधुपाल्चोक, सिंधुली आणि ओखलढुंगा अशा तीन जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे केवळ नावावरून ठिकाण ठरत नाही. लिखु नदीने मला सर्वाधिक अडवले आहे, कारण ती काही अंतर रामेछाप आणि ओखलढुंगा यांच्या सीमेवरून वाहते आणि तिचे दोन काठ दोन जिल्ह्यांच्या कारभारात येतात. नुवाकोट जिल्ह्यातील लिखु तर निराळीच नदी आहे.

पाण्याच्या दृष्टीने पाहता खोऱ्यानुसार मांडणी मला अधिक योग्य वाटते, पण वाचक जिल्हा शोधत येतो. अशा सीमेवरच्या नदीचे पाणलोट क्षेत्र गाउँपालिकांच्या हद्दींसह एकाच नकाशावर स्पष्ट कसे दाखवावे? क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणक प्रणालीमध्ये उंचीच्या माहितीवरून पाणलोटाच्या सीमा काढण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.