मदत हवी आहे: होणारा नवरा यूएस आर्मीत, व्हिसा कुठला? (तातडीचं)

घाईत_मी
नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय. तो यूएस आर्मीत, मी नाशिकला. जूनमध्ये त्याला पंधरा दिवसांची रजा आहे, त्यातच सगळं उरकायचंय. प्रश्न दोनच. आधी लग्न की आधी व्हिसा? आणि आर्मीवाल्यांच्या बायकांना व्हिसा लवकर मिळतो हे खरं का? एजंट सुचवू नका, एकाने नुसतं 'बघून सांगतो' म्हणायचे पैसे घेतलेत. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, गूगल मीही केलंय.

बेएरियाकर
अभिनंदन! डोळे झाकून के-१ करा, म्हणजे होणाऱ्या बायकोचा व्हिसा. मी हिला के-१ वरच आणलं. आय-१२९एफ हा अर्ज भरायचा, मुंबईला मुलाखत, इथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न. मांडव नाही, मानपान नाही.

कांदेपोहे_२
मानपान वाचला, पण लग्नानंतर ग्रीन कार्डासाठी आय-४८५ चे १४४० डॉलर जातात ते सांगा की. शिवाय वर्क परमिट येईपर्यंत बाई घरात बसून. त्यापेक्षा सीआर-१ घ्या, म्हणजे लग्न झालेल्या बायकोचा व्हिसा. आधी लग्न, मग नवऱ्याने बायकोसाठी आय-१३० अर्ज भरायचा. विमानतळावर शिक्का पडला की कायम रहिवासी.

बेएरियाकर
आणि तोवर बायको नाशकात, नवरा तिकडे. वेळ किती जातो ते तुम्ही सांगा की.

कांदेपोहे_२
आमचा गेला. संसार टिकलाय अजून.

निवृत्त_सुभेदार
बेटा, फौजेत असताना परदेशी व्यक्तीशी लग्न करायचं तर आधी वरून परवानगी घ्यावी लागते. न विचारता केलं तर नोकरीवर गदा येते. आणि जोडीदाराला भारताचं नागरिकत्व हवं असेल तर आधी सात वर्षं इथे राहावं लागतं, मगच अर्ज. आमच्या युनिटात एक केस झाली होती, सवडीने लिहितो.

घाईत_मी
काका, आर्मी अमेरिकेची आहे. आणि भारताचं नागरिकत्व मला आहे.

सांगलीचा_बंड्या
एवढा खल कशाला? टुरिस्ट व्हिसावर जा, तिथेच लग्न करा, मग कागद बदला. माझ्या मावसबहिणीने हेच केलं.

नेव्हीवाली
बंड्या, कृपा करून असले सल्ले देऊ नका. लग्न करून तिथेच राहायचं मनात ठेवून टुरिस्ट व्हिसा मागणं म्हणजे अर्जात खोटं बोलणं. पकडलं गेलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. मुलाखतीत 'तिकडे कोण आहे?' हा पहिला प्रश्न असतो.

आणि धागाकर्ती, एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. तो सिटिझन आहे की ग्रीन कार्डवर? (माझा नवरा नेव्हीत आहे, आम्ही सॅन डिएगोला असतो. म्हणून विचारतेय.)

घाईत_मी
यूएस आर्मीत आहे म्हणजे अमेरिकनच असणार ना?

नेव्हीवाली
असं नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही भरती होता येतं. के-१ मात्र फक्त सिटिझनलाच भरता येतो. तेव्हा वरचं अर्धं भांडण फुकट. त्याच्याकडे पासपोर्ट कुठला? आईवडील सिटिझन झालेत का, कधी? तो १८ च्या आत असताना झाले असतील, तेव्हा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि तो त्यांच्यापाशी राहत असेल, तर तो आपोआप सिटिझन झालाय.

घाईत_मी
विचारलं. ग्रीन कार्ड, पासपोर्ट भारताचा. आईवडील सिटिझन झाले तेव्हा हा वीस वर्षांचा होता. घर मूळचं वसईचं, ख्रिश्चन आहेत, म्हणून आम्ही कोर्ट मॅरेज ठरवलंय. झालं? आता व्हिसाचं सांगा.

कांदेपोहे_२
कोर्ट मॅरेज?! अहो स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात. रजा पंधरा दिवसांची. व्हिसाचं नंतर बघा, आधी लग्न कसं लागणार ते बघा!

बेएरियाकर
के-१ असता तर हा प्रश्नच आला नसता.

कांदेपोहे_२
के-१ मिळतच नाहीये हो त्यांना. वरचं वाचा.

वसईचो_पोर
दोघांपैकी एक जरी ख्रिश्चन असला तरी १८७२ च्या ख्रिश्चन मॅरेज ॲक्टखाली चर्चमध्ये लग्न लागतं. मुलीने धर्म बदलायची गरज नाही. कॅथलिक असाल तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते, लग्नाआधीचा कोर्स असतो, आणि चर्चमध्ये लग्नाची घोषणाही होते. त्यामुळे फादरना जूनमध्ये नाही, याच आठवड्यात भेटा. त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला वसईतच असेल, तो त्याच्या काकांना काढून ठेवायला सांगा.

नेव्हीवाली
हे उत्तम. आता माझं ऐका. त्याला सैन्यातल्या सेवेवर सिटिझनशिप मिळू शकते. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरलेला आहे, त्यामुळे पाच वर्षं ग्रीन कार्ड असण्याची अट त्याला नाही. सिटिझनशिपच्या अर्जाला (एन-४००) फीसुद्धा नाही. फक्त सैन्यातल्या सेवेच्या दाखल्यावर (एन-४२६) त्याच्या युनिटची सही लागते, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

पण लग्न त्याने सिटिझनशिपची शपथ घेण्याआधी भारतात करा. आत्ता तो भारतीय पासपोर्टवर येऊन जाऊ शकतो. शपथ झाली की त्यालाच भारताचा व्हिसा काढावा लागेल. ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) करू म्हणाल तर परदेशी सैन्यात असलेल्याला, निवृत्त झालेल्यालासुद्धा, ते मिळत नाही. आम्ही दर वेळी सासरी यायला ह्यांचा व्हिसा काढतो. फॉर्मवर सैन्याचा रकाना भरला की वाट बघायची.

लग्न झाल्यावर लगेच आय-१३०. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला एफ२ए या व्हिसावर्गाची रांग असते. तो सिटिझन झाला की तीच केस वरच्या वर्गात जाते, रांग सुटते. आर्मीचा थेट फायदा म्हणाल तर नवऱ्याने द्यायच्या आर्थिक हमीपत्रात (आय-८६४) उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ नव्हे, १०० टक्केच दाखवावं लागतं. लवकर करा म्हणून विनंती करता येते, कमांडरच्या पत्रासकट. मान्य करायची की नाही, ते मात्र इमिग्रेशनवाल्यांच्या हातात.

घाईत_मी
खूप आभार ताई. पण ऑक्टोबरमध्ये त्याची कोरियाला बदली आहे. मग हे सगळं करून मी टेक्सासात एकटी राहायचं का?

कांदेपोहे_२
हे आत्ता सांगताय?!!

घाईत_मी
मला वाटलं व्हिसाशी त्याचा संबंध नाही.

नेव्हीवाली
संबंध आहे ना! कोरियाला बायकोला सोबत न्यायचं तर कमांड स्पॉन्सरशिप (कुटुंब सोबत न्यायची आर्मीची परवानगी) मंजूर करून घ्यावी लागते. ती असेल तर तिथल्या फौजी कुटुंबांसाठीचा ए-३ व्हिसा असतो, तो कोरियाकडून घ्यायचा. त्यासाठी ग्रीन कार्डाची वाट बघायला नको. त्याला सांगा, लग्नाचा दाखला हातात पडला की पहिलं काम म्हणजे तुमचं नाव डीअर्समध्ये, म्हणजे फौजी कुटुंबांच्या नोंदणीत, चढवणं. त्याशिवाय आर्मीच्या लेखी तुम्ही त्याच्या कुणी नाही. आय-१३० मागून चालू राहू दे.

निवृत्त_सुभेदार
कोरियाला आमची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स १९५० मध्ये गेली होती. तरुण पोरांना माहीतही नसतं.

बेएरियाकर
काका, यावर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

घाईत_मी
फादरना शनिवारी भेटतेय. तो म्हणतो एन-४२६ चा कागद सार्जंटच्या टेबलावर पडून आहे, सोमवारी मागे लागतो. एक शेवटचं. माझ्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा आहे. आईबाबांची नावं, तारीख सगळं बरोबर आहे. चालेल ना? पासपोर्ट तर मिळाला होता.

नेव्हीवाली
पासपोर्टला चाललं म्हणून इथे चालेलच असं धरू नका. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जिथे नोंद आहे त्या नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात उद्याच जा आणि नाव चढवून मागा. नाहीच म्हणाले तर ते लेखी घ्या, आणि आईबाबांचं प्रतिज्ञापत्र करून जोडा. नोंद कुठली आहे, नाशिकचीच ना?

घाईत_मी
नाही, येवल्याची.