सावलीतल्या अंगणात जमीन झाकणारी कमी देखभालीची रोपे : मदत हवी आहे

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे घर आहे. घराच्या उत्तरेला, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये 8 फूट रुंद व 30 फूट लांब अशी मोकळी पट्टी असून तिच्यावर फणसाची दाट सावली असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की घराचीही सावली तिच्यात मिसळते आणि मग तिथे ऊन मुळीच पोहोचत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांच्या धारेने उघडी माती भिंतीवर उडते, शेवाळ धरते, आणि त्याच शेवाळावरून गेल्या श्रावणात माझ्या आईचा पाय घसरला. त्यामुळे शोभेपेक्षाही माती धरून ठेवणारे काहीतरी तिथे लागावे, ही माझी पहिली गरज आहे.

दोन वर्षांपूर्वी तयार लॉन अंथरले होते. हरळीच्या जातीचे ते गवत उन्हावर वाढणारे, त्यामुळे ते विरळ होत गेले आणि पुढच्या पावसाळ्यात कुजले.

रोपवाटिकेत वेडेलिया सुचवण्यात आले. त्याची पिवळी फुले मलाही आवडतात. परंतु मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती पेरापेरांवर मुळे धरत पसरते आणि जगातील 100 अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. आमच्या कुंपणापलीकडे लगेच ओढा आहे, तिकडे ती जाऊ द्यायची माझी तयारी नाही. सिंगोनियम सावलीत उत्तम येते, मात्र ते फणसावर चढेल, शिवाय त्याच्या चिकाने त्वचेची आग होते आणि घरात रांगते बाळ आहे.

म्हणून मोंडो ग्रास या गवतासारख्या दिसणाऱ्या बुटक्या रोपाचा विचार पक्का होत आला आहे. ते सावली सोसते आणि कापावे लागत नाही. फक्त वाढ फार संथ असते. ते दाट होईपर्यंत मधल्या जागेत स्पायडर प्लँट लावले तर चालेल का, की ते मोंडोला दडपून टाकेल? फणसाची मुळे वर आलेली असल्याने खोल खणता येत नाही आणि बुंध्याशी मातीचा भर घालणेही झाडाला सोसणार नाही. अशा ठिकाणी मुळांच्या मधल्या खाचांत गांडूळखत मिसळलेली माती भरून गड्डे लावणे पुरेसे होईल का? पागोळ्यांच्या रेषेत रोपे टिकणार नाहीत, तेव्हा तेवढ्या भागात खडी अंथरण्याचा विचार आहे. ज्यांनी अशी सावलीतली जागा प्रत्यक्ष सांभाळली आहे, त्यांनी दोन रोपांतील अंतर किती ठेवले आणि फणसाची गळालेली पाने खराट्याने ओढताना कोवळी रोपे उपटू नयेत म्हणून काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे.