टाकळीच्या दगडात ग्लोबोट्रंकाना सापडेल का?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, नागपूर)
आमच्या शाळेच्या संग्रहात टाकळी परिसरातील, दोन लाव्हाथरांमध्ये मिळालेला करड्या चर्टचा (सिलिकाच्या कठीण दगडाचा) एक तुकडा आहे आणि त्यात नखाएवढे शंख स्पष्ट दिसतात. ग्लोबोट्रंकाना हा एकपेशीय सागरी जीव सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, नामशेष झाला असे मुलांना शिकवले. तेव्हा तो या तुकड्यात असेल का, असे त्यांनी विचारले. कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
नाही, मॅडम. काळ जुळतो, पण पाणी जुळत नाही. ते शंख बहुधा फायसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायींचे असावेत. एक लाव्हा निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत जी तळी साचली, त्यांच्या गाळाचा तो दगड आहे. मिशनरी आणि भूगर्भ-अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसरातील याच थरांचे जीवाश्म गोळा केले होते. ग्लोबोट्रंकाना मात्र खुल्या समुद्रात तरंगणारा फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय जीव होता.

उत्तर २
मुलांना त्याचे रूप अवश्य सांगा. कॅल्साइटचे (चुनखडीतल्या खनिजाचे) कवच, आकार साधारण अर्धा मिलिमीटर. कप्पे एकापुढे एक चक्राकार वाढत जातात आणि कडेने दोन समांतर कंगोरे फिरतात, ज्यांवर बारीक मणी ओवल्यासारखे दिसतात. कंगोरा एकच असेल, तर तो बहुधा त्याचा भाऊबंद ग्लोबोट्रंकानिटा. इटलीतील गुब्बिओ येथे क्रिटेशियसच्या (डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडाच्या) चुनखडीत ही मोठी कवचे भरपूर आहेत, मग मातीचा एक पातळ थर येतो आणि त्याच्या वर ती दिसेनाशी होऊन अगदी इवली कवचे सुरू होतात. त्याच मातीत इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण उल्कांत अधिक असणारा धातू आढळल्याचे १९८० साली प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची चर्चा पेटली.

उत्तर ३
आपल्या जवळचे उदाहरण छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिलीचे आहे. तेथील इंटरट्रॅपियन (दोन लाव्हाथरांमधल्या) थरांत, गोड्या पाण्याच्या गाळामध्ये, पॅलिओसीनच्या, म्हणजे क्रिटेशियसनंतरच्या काळाच्या, अगदी आरंभीचे तरंगते फोरॅमिनिफेरा मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे समुद्राचे पाणी इतक्या आत पोहोचले होते. ग्लोबोट्रंकाना तोवर संपलेला होता, म्हणून तेथेही तो नाही, आणि मला हे फार मोलाचे वाटते, कारण त्याच्या नसण्यावरूनही लाव्हाचे वय ठरवायला मदत होते.
एक विनंती: तो तुकडा फोडू किंवा घासू देऊ नका. चर्ट कठीण असतो, सौम्य आम्लात विरघळत नाही, आणि शंख मात्र एका घावात निघून जातील. दहापट भिंग पुरेल.