मदत हवी आहे : रात्रीच्या एकट्या ऑपरेटरसाठी अलार्म कोणता घ्यावा?

बागाईतदार_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. उत्तर लवकर हवंय, द्राक्षाचा सीझन ऐन भरात आहे. आमचं छोटं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे. रात्री एकच ऑपरेटर असतो. गेल्या मंगळवारी तो शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. अडीच तास तसाच पडून होता, कुणाला पत्ता नाही. पहाटे चारला माल न्यायला आलेल्या ड्रायव्हरने हाका मारल्या तेव्हा कळलं. माणूस पडला की आपोआप वाजणारं यंत्र मिळतं म्हणे, कमरेला लावायचं. दहा हजारांच्या आत कोणतं घ्यावं? नाशिकमध्ये कुठे मिळेल? सध्या बदली माणूस येतोय, आणि मला रात्रभर झोप नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

अंबडचा_फिटर
दादा, प्लांटमध्ये थंडाव्यासाठी गॅस कोणता, अमोनिया की फ्रिऑन? जागेवर मोबाइलला रेंज आहे का? हे सांगितल्याशिवाय काय सुचवणार? पफ पॅनेलला, म्हणजे कोल्ड रूमच्या फोमच्या भिंतीला, दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, रूमचं दार लागलं की सिम मेलं. कमरेची यंत्रं बहुतेक सिमवरच चालतात. आत पडला तर यंत्र वाजेल, पण निरोप बाहेर जाणार नाही.

बागाईतदार_पिंपळगाव
अमोनिया. रेंज ऑफिसच्या खिडकीशी एक कांडी, बाकी शून्य. पण मामा, म्हणजे आमचे ऑपरेटर, रूममध्ये पडले नाहीत, कंप्रेसर रूमच्या मागे पडले. फोन टेबलावर चार्जिंगला होता. ओरडले, पण कंप्रेसर चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही.

नजर_२४तास
कॅमेरे लावा, विषय संपला. मी तीन गोडाऊनला लावलेत. घरी पलंगावर बसून सगळं दिसतं.

अंबडचा_फिटर
रात्री दीड वाजता तुम्ही पलंगावर बसून कंप्रेसरची मागची बाजू बघता? सकाळी रेकॉर्डिंगमध्ये दिसेल की माणूस अडीच तास पडून होता. त्याचा त्या माणसाला काय उपयोग?

नजर_२४तास
हालचाल थांबली की नोटिफिकेशन येतं अशी सोय आहे. माहिती नसताना बोलू नका.

अंबडचा_फिटर
कंप्रेसर रूममध्ये पट्टा फिरतो, पंखा फिरतो. हालचाल थांबतच नाही तिथे.

हिशेबनीस_सातपूर
ऑपरेटर ईएसआयसीत (कामगार राज्य विम्यात) होते का? दहा कामगारांपासून नोंदणी लागते, पगाराची मर्यादा २१,००० आहे. ठेकेदारामार्फत घेतला असला तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, १९२३ च्या कायद्यापासून हेच चालत आलंय. अपघाताची लेखी नोंद करून ठेवा. नंतर सगळे म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बागाईतदार_पिंपळगाव
साहेब, मामांचा सगळा खर्च मी करतोय, पगारही चालू आहे. प्रश्न अलार्मचा आहे हो.

निफाडची_सून
आमच्याकडे तर पंपाला लाइट रात्रीच येते. सालगडी काळोखात एकटा पाणी भरतो, उसात बिबट्या. सौर वाहिनीची योजना २०१७ पासून ऐकतोय, आमच्या फीडरला दिवसाची लाइट अजून नाही. आम्ही एक केलंय, दोघांनीच जायचं. एकाने बारं द्यायचं, दुसऱ्याने बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर बसायचं. एक रोजंदारी जास्त जाते. सासरे आधी कुरकुरले. पलीकडच्या वस्तीवर वासरू गेलं, तेव्हापासून गप्प आहेत.

बागाईतदार_पिंपळगाव
ताई, दुसरा माणूस परवडला असता तर इथे लिहिलंच नसतं. यंदा भाव काय आहे तुम्हाला माहितीच आहे.

(इथून अकरा प्रतिसाद द्राक्षाच्या भावावर. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले.)

तेरा_सीझन
मी स्वतः ऑपरेटर आहे. पट्ट्याचं यंत्र दोन वर्षांपूर्वी आमच्या मालकाने आणलं. व्हॉल्व्ह फिरवायला वाकलो की वाजायचं. आठ दिवसांत खुंटीवर गेलं. पण एवढ्या प्रतिसादांत कुणीच विचारलं नाही, दीड वाजता मामा शिडीवर का चढले? मी सांगतो. हेड प्रेशर, म्हणजे कंप्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचं प्रेशर, वाढलं असणार. प्रेशर चढलं की कंडेन्सरवर, जिथे तो गॅस पाण्याने गार होतो तिथे, पाणी पडतंय का ते बघावंच लागतं, आणि ते वर गेल्याशिवाय दिसत नाही. पायऱ्या ओल्या, वर शेवाळ, एका हातात बॅटरी. शेठ, पंपाच्या लाइनवर खाली एक गेज बसवा. पाणी चालू आहे की नाही ते जमिनीवरून दिसलं पाहिजे. शिडी पक्की करा, दोन्ही बाजूंना कठडा द्या. आणि सांगून ठेवा, रात्री वर चढायचं नाही, प्रेशर वाढलं तर मशीन बंद करायचं. हे तुम्ही तोंडाने सांगितलं नाही तर कुणीही बंद करणार नाही. माल गरम झाला तर बोलणी आम्हालाच बसतात.

बागाईतदार_पिंपळगाव
बरोबर. प्रेशरच वाढलं होतं. मला हे काल मामांना विचारल्यावर कळलं. आणि हो, मशीन बंद केलं तर मी बोललो असतो, हेही खरं आहे.

इगतपुरीकर
रेल्वेत ट्रॅकवर नोकरी केली, निवृत्त आहे. कसारा घाटात पावसाळ्यात पेट्रोलमन, म्हणजे रुळांवर गस्त घालणारा, रात्री एकटा चालतो. त्याच्याजवळ गस्तीची वही असते. आपल्या हद्दीच्या टोकाला पलीकडचा पेट्रोलमन भेटतो, दोघे वह्या बदलतात आणि परत फिरतात. स्टेशनवर पोचण्याची वेळ ठरलेली असते. पंधरा मिनिटं उलटली आणि माणूस आला नाही, तर स्टेशनमास्तर पुढच्या गाड्या सावकाश सोडतो आणि शोधायला माणूस धाडतो. आमच्या काळात यात मशीन कुठलंच नव्हतं, वेळ होती आणि वाट बघणारा होता. तुमच्या मामांच्या वहीत शेवटची नोंद किती वाजताची आहे?

बागाईतदार_पिंपळगाव
काका, आत्ता वही काढून बघितली. दर तासाला रूमचं तापमान आणि प्रेशर लिहायचं असतं. १ वाजेपर्यंत मामांचं अक्षर आहे. २ आणि ३ चे रकाने कोरे. ४ ला पुन्हा सुरू, ते माझं अक्षर. म्हणजे दोनलाच कळण्यासारखं होतं. वही सकाळी नऊशिवाय कुणी उघडत नाही.

इगतपुरीकर
मग दर तासाचं रीडिंग झालं की खिडकीशी येऊन कुणाला तरी मिस्ड कॉल द्यायचा. तुम्हाला नको, तुम्ही तिसऱ्या रात्री झोपाल. जो कामासाठी जागाच आहे, त्याला. शेजारी दुसरं स्टोरेज आहे का?

बागाईतदार_पिंपळगाव
बांधापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर आहे. तिथेही रात्री एकच मुलगा. पण त्यांच्याशी आमचं दोन वर्षं बोलणं नाही, रस्त्याच्या वादावरून.

निफाडची_सून
भाऊ, रस्त्याचा वाद नंतर मिटवा. आज जा.

अंबडचा_फिटर
जाल तेव्हा एक गोष्ट त्या मुलाच्या डोक्यात पक्की बसवा. अमोनियाचा वास आला तर आत शिरायचं नाही, मामा समोर पडलेले दिसत असले तरी. तीनशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तीनशे भाग गॅस) पुढे जीवाला धोका आहे, डोळे उघडत नाहीत, श्वास कोंडतो. वाचवायला गेलेलाच आधी पडतो. वारा पाठीशी घेऊन लांब उभं राहायचं, ११२ आणि १०८ ला फोन करायचा. नुसता कॅनिस्टरचा, म्हणजे गॅस गाळणाऱ्या डब्याचा, मास्क मोठ्या गळतीत चालत नाही, पाठीवर हवेचा सिलिंडरवाला सेट लागतो, आणि तो घालायचा सराव लागतो.

नजर_२४तास
ओला रुमाल नाकाला बांधून आत जाता येतं, मी पाहिलंय.

तेरा_सीझन
अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून रुमालाने बाहेर पळण्यापुरता आधार मिळतो. त्याच्या भरवशावर आत जाऊ नका. आणि गॅस डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धूत राहायचं, चोळायचं नाही. कंप्रेसर रूमच्या बाहेर नळ हवा, आत असून उपयोग नाही.

बागाईतदार_पिंपळगाव
सहा दिवसांनी लिहितोय. गेलो होतो. त्यांनी चहा दिला. त्यांचाही मुलगा रात्री एकटा असतो याची त्यांनाही धास्ती होतीच, बोलणार कोण, एवढंच अडलं होतं. ठरलं असं : रीडिंग झालं की मिस्ड कॉल, तिकडून उलट मिस्ड कॉल. दहा मिनिटांत आला नाही तर फोन. पंधरा मिनिटांत उचलला नाही तर दोन्ही मालकांना उठवायचं आणि एकट्याने यायचं नाही, त्यांच्या गेटवरच्या वॉचमनला सोबत घ्यायचं.

परवा तीनचा कॉल गेला नाही. सव्वातीनला ते दोघे मोटारसायकलवरून आमच्या गेटवर. आत न येता हॉर्न वाजवत राहिले, जसं सांगितलं होतं तसं. आमचा बदली माणूस धावत बाहेर आला, त्याच्या फोनचा चार्जर सैल होऊन बॅटरी संपली होती. मी पोचलो तेव्हा तिघे ऑफिसबाहेर शेकोटीला बसले होते. वीस मिनिटांत तीन माणसं आली. मामांच्या वेळी अडीच तासांत एक आला होता. आता टेबलावर बटणाचा एक जादा फोन ठेवलाय, आणि ऑफिसातून कंप्रेसरच्या मागे एक दोरी ओढलीय, खेचली की गेटवरचा भोंगा वाजतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे, पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी.

मामांना दवाखान्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, वहीतले २ आणि ३ चे रकाने कोरे ठेवू नको, माझ्या नावाने काय झालं ते लिहून ठेव. लिहिलं.

कंडेन्सरखालचा गेज अजून बसवायचाय. फिटरदादा, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.