बारावीच्या पोरीला 'प्लॅन बी' परीक्षेआधी सांगावा की निकालानंतर?

मानेवाड्याची_आई

संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळापेक्षा भांडणच जास्त झालं, म्हणून इथे विचारते.

लेक बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी, मे महिन्यात नीट. डॉक्टर व्हायचं हे तिचंच, आम्ही डोक्यात घातलेलं नाही (निदान मला तसं वाटतं). दोन महिन्यांपासून झोपेत दात खाते. मॉक टेस्टच्या आदल्या रात्री ताटावर बसते आणि तशीच उठते. गेल्या आठवड्यात रात्री एक वाजता मला उठवलं. "आई, नंबर नाही लागला तर मी काय करायचं?" मी म्हटलं, होईल गं सगळं, झोप तू. ती गेली, पण दाराखालून उजेड दिसतच होता.

सकाळी भाजी चिरताना लक्षात आलं, पोरीने प्रश्न विचारला होता आणि मी तिला नुसतं थोपटून परत पाठवलं. मग बसून कागदावर लिहून काढलं. सरकारी एमबीबीएस नाही मिळालं तर नीटच्याच गुणांवर बीएएमएस (आयुर्वेद), फिजिओथेरपी, व्हेटर्नरी (जनावरांची डॉक्टरकी). व्हेटर्नरी कॉलेज तर इथेच नागपुरात, सेमिनरी हिल्सला, घरून जाणं-येणं होईल. सीईटीवर बी.फार्म. किंवा कृषी. यातलं काहीच नाही तर बी.एस्सी. कागद फ्रिजवर लावला.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, कागद काढला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाला, "परीक्षेच्या आधी हरायची यादी करतात का?"

मला वाटतं ती यादी हरायची नाही. तिला पेपरची भीती आहेच, पण पेपरनंतर काय होणार ते कोणीच बोलत नाही याची जास्त आहे. तुम्ही काय केलं असतं?

---

संत्रा_मंडी

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. आम्ही काटोलकडचे, संत्र्याची बाग. मी बारावीला होतो त्या वर्षी बाबांनी बागेचा सौदा मोहोरावरच करून टाकला आणि नागपुरात खोली घेऊन दिली. दुसरा रस्ता नव्हता, आणि नव्हता म्हणूनच मी पहाटे चारला उठायचो. समोर तीन दारं उघडी दिसली असती तर मी सगळ्यात जवळच्या दाराने बाहेर पडलो असतो. सतरा वर्षांच्या पोराला सोपं काय ते बरोबर कळतं.

दुसरं म्हणजे वेळ. हाच कागद अकरावीच्या जूनमध्ये दाखवला असता तर माहिती झाली असती. जानेवारीत दाखवला तर पोरगी त्यात एवढंच वाचणार, की आईचा भरवसा उडाला.

---

वर्गशिक्षिका_जीवशास्त्र

ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं शिकवते आहे. म्हणजे शिकवत होते. आता अर्धा वर्ग कागदावरच असतो. पोरं सकाळी क्लासला जातात, प्रॅक्टिकलला आमच्याकडे उगवतात. २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, मशिनी आल्या, पुढचं विचारू नका. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सांगितलं की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घ्यायचं नाही. मी रोज ज्या रस्त्याने येते तिथे आठवीच्या फाउंडेशन बॅचचा फलक अजून दिमाखात उभा आहे.

संत्रा मंडी, तुमच्या बाबांनी बाग पणाला लावली आणि तुम्ही पोचलात, याचा आदर आहे. पण तुमच्या काळी केलेल्या मेहनतीचा आणि मिळालेल्या जागेचा काहीतरी हिशोब लागायचा. २०२४ चा उन्हाळा आठवा. ५ मे ला नीट झाली. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी, निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२०. मग ग्रेस मार्कांचा घोळ, १५६३ जणांना २३ जूनला पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय, पेपरफुटीचा तपास. परीक्षा रद्द होणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा २३ जुलै उजाडला होता. म्हणजे पेपर देऊन अकरा आठवडे झाले तरी पोराला माहीत नाही की आपली परीक्षा झाली आहे की नाही! आदल्या वर्षी ज्या गुणांवर सरकारी जागा मिळत होती, त्या गुणांवर त्या वर्षी मिळेना. २०२५ मध्ये उलट झालं. फिजिक्सचा पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६.

माझ्याकडे त्या २०२४ च्या बॅचमधली एक मुलगी होती, सहाशेच्या वर गुण. ती जुलैभर रोज कॉलेजात यायची आणि माझ्या टेबलासमोर बसून राहायची. तिला काही बोलायचं नसायचं. घरी "तू कमी पडलीस" असं कोणी म्हणत नव्हतं, सगळे म्हणायचे, "बघू, निकाल बदलेल." दोन महिने ते घर एका वाक्यावर तरंगत होतं. तिला कोणी मे महिन्यातच पाच नावं लिहून दिली असती तर ती निदान फॉर्म भरायच्या कामाला तरी लागली असती.

आई, कागद परत लावा.

---

संत्रा_मंडी

मॅडम, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. बाहेर एवढा गोंधळ आहे तर घरात तरी एक गोष्ट पक्की पाहिजे ना? बाहेर अनिश्चितता, आणि फ्रिजवर पण तीच चिकटवायची?

---

पहाटेची_शिफ्ट

सगळ्यांचं वाचलं. मी हिंगणा एमआयडीसीत आहो, कंपनीचं नाव राहू द्या. पोट्टं यंदा बारावीले आहे.

मले एक सांगा, त्या कागदावर फी लिहिली आहे का? बीएएमएस लिहिलं, कोणत्या कॉलेजचं? सरकारी जागा किती आणि खाजगीची फी किती, हे लिहिलं का? तुमच्यासाठी तो प्लॅन बी आहे. आमच्या घरी खाजगी बीएएमएस म्हणजे घर विकाची गोष्ट आहे, आणि घर भाड्याचं आहे.

आमच्याकडे दुसरा रस्ता आयटीआय. मी स्वतः फिटर आहो, त्याच्यात लाज कायची. पण पोट्ट्याच्या क्लासमध्ये आयटीआयचं नाव काढलं का बाकीचे हसतात, आणि सर लोक पण हसतात. म्हणून तो घरी येऊन मले म्हणते, "बाबा, तुम्ही काय करता हे तिथे सांगू नका." ही गोष्ट मले मार्कापेक्षा जास्त लागली.

कागद लावा नाहीतर नका लावू. लावसान तर खरा लावा.

---

मानेवाड्याची_आई

भाऊ, फी लिहिली नव्हती. खरं सांगते, सुचलंच नाही. कालपासून त्याच शोधात आहे.

---

तिसऱ्यांदा_रिपीटर

इथे सगळे पालकच बोलून राहिले, म्हणून थोडं आमच्याकडूनही.

माझा हिशोब असा. २०२१ ला दहावी. परीक्षा झालीच नाही. १६ जुलैला निकाल आला, राज्याचा ९९.९५ टक्के. मग अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी म्हणाले. मी तिचा अभ्यास केला, आणि १० ऑगस्टला हायकोर्टाने ती पण रद्द केली. २०२३ ला बारावी आणि पहिली नीट. नंबर नाही. ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून परत तयारी, तर २०२४ चा तो तमाशा. परत ड्रॉप, तर २०२५ चं फिजिक्स. आता महाराजबागेच्या बाजूला कृषीला आहे, पहिल्या वर्षाला. माझ्यासोबतचे पोट्टे नोकरी शोधून राहिले आणि मी मातीचे प्रकार पाठ करून राहिलो. माती आवडते, ते सोडा.

आई, तुमचा कागद बरोबर आहे. पण फ्रिजवर नको ना! फ्रिज सगळे उघडतात. मामा येणार, पाणी पिणार, कागद वाचणार आणि म्हणणार, "अरे वा, ढोरांची डॉक्टर होणार का?" झालं, व्हेटर्नरी तिथेच मेली. तिच्या वहीत ठेवा, नाहीतर नुसतं तिला पाठवा.

आणि दुसरी गोष्ट, कागदापेक्षा मोठी. रविवारच्या टेस्टचा रँक आमच्या आधी बापाच्या मोबाईलवर जातो. मी रामदासपेठेतून निघून बसमध्ये बसायचो, बैद्यनाथ चौक यायच्या आत बाबांचा फोन. ते रागवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "पाहिलं." त्या एका शब्दासाठी मी शनिवारी रात्रीपासून तयार होत राहायचो. दुसऱ्या ड्रॉपमध्ये आईने तो मेसेज बंद करायला लावला. क्लासवाले म्हणाले, सिस्टीम आहे, बंद होत नाही. मग आईने बाबांच्या फोनमधून क्लासचा नंबरच ब्लॉक केला. माझ्या अभ्यासावर काय फरक पडला ते माहीत नाही. रविवारी दुपारी भूक लागायला लागली.

---

धंतोलीचा_ओपीडी

मानसोपचारात काम करतो. प्लॅन बीच्या वादात पडायच्या आधी थोडं थांबून हे वाचा, कारण पहिल्या पोस्टमध्ये झोप आणि जेवण दोन्ही आलंय.

टेस्टच्या आदल्या रात्री न जेवणं एकदा-दोनदा होतं. दोन आठवडे सलग झोप नीट नाही, आंघोळीचाही कंटाळा, मैत्रिणींचे फोन उचलत नाही, किंवा "मी नसते तर तुमचा खर्च वाचला असता" असं हसत-हसत बोलते, तर तो परीक्षेचा ताण म्हणून सोडून द्यायचा नाही. शांत बसून सरळ विचारायचं की जीव नकोसा होतो का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले, आणि त्यात सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले. टेलि-मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, मनोविकार विभागाची ओपीडी आहे, तिथे जायला वेड लागावं लागत नाही.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्यात कोचिंगही आलं. तेव्हा क्लासमध्ये जाऊन विचारा, तुमचे समुपदेशक कोण आणि कुठे बसतात.

---

तिसऱ्यांदा_रिपीटर

डॉक्टर, आमच्या क्लासमध्ये काउन्सेलर होते ना. चांगल्या एसी केबिनमध्ये बसायचे. फी किती आणि हप्ते किती, ते सांगायचे.

---

संत्रा_मंडी

रिपीटर भाऊ, हसलो, पण मेसेजचं वाचून घरातला माझा फोन बघितला. माझा मुलगा नववीला आहे. त्याच्या क्लासचे गेल्या महिन्याचे अठरा मेसेज आहेत, आणि प्रत्येकाला मी अंगठा दिलाय.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली लक्षणं दिसली तर परीक्षा गेली खड्ड्यात, पोर आधी. पण जे पोर नुसतं घाबरलंय, त्याला थोडं घाबरू द्यावं. आपण प्रत्येक भीतीवर लगेच उतारा काढायला लागलो तर त्याला स्वतः सहन करायची सवय कधी लागणार? बोर्ड आहे, सीईटी आहे, पुढे नोकरीतही कोणी फ्रिजवर यादी लावून देणार नाही.

---

वर्गशिक्षिका_जीवशास्त्र

घाबरू द्या, हे मान्य. एकटीला घाबरू द्या, हे मान्य नाही. रात्री एक वाजता तिने आईला उठवलं यातच काय ते आलं.

आणि पहाटेची शिफ्ट, तुमचा मुद्दा माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी आहे. आमच्या स्टाफरूममध्येही आयटीआय हा शब्द शिक्षेसारखा वापरतात, "असंच चाललं तर आयटीआयला जाशील." मीही म्हटलंय. चिरंजीवांच्या क्लासमध्ये जाऊन कोणी फिटरने मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं तर बरं होईल. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला निम्म्यांना तो वाचता येत नाही.

---

पहाटेची_शिफ्ट

मॅडम, बोलावलं तर येतो. दुपारपाळीच्या हप्त्यात सकाळ मोकळी असते.

---

मानेवाड्याची_आई

थोडं कळवते.

काल कागद नव्याने लिहिला, फीसकट. सरकारी आणि खाजगी वेगळे केले. दोन नावं फी बघूनच गळाली, ते बरंच झालं. फ्रिजवर लावला नाही. रात्री तिच्या खोलीत नेऊन दिला आणि म्हटलं, परवा तू विचारलं होतंस त्याचं हे उत्तर, त्या दिवशी मी दिलं नव्हतं. तिने वाचला. बीएएमएसवर काट मारली, "मला नाही आवडत" म्हणाली, आणि व्हेटर्नरीला वरून दुसऱ्या नंबरवर घेतलं. पहिल्यावर एमबीबीएसच आहे, संत्रा मंडींनी काळजी करू नये. डॉक्टर म्हणाले तसं विचारलंही. आधी चिडली, मग रडली, मग बराच वेळ बोलली. ते इथे लिहीत नाही. सोमवारी मेडिकलला घेऊन जाते आहे, ती स्वतः तयार झाली.

नवऱ्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही. आज सकाळी तिच्या टेबलावरचा कागद पाहिला तर बी.फार्म.च्या ओळीपुढे पेन्सिलने त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "होस्टेलचा खर्च धरला नाही."