कोपर्निकसला 'नाही' म्हणणारे अडाणी होते का?

चांदणवेडा (धागाकर्ता)

परवा वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो. गुरूचे चार चंद्र दाखवून झाले, थर्मासमधला चहा संपला, आणि सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे या माळावर उभं राहून दाखवता येईल का?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. तारे पश्चिमेकडे सरकतात, पण आकाश फिरत असतं तरी तसंच दिसलं असतं. गुरूभोवती चंद्र फिरतात, पण त्यावरून आपण फिरतो असं कुठे ठरतं? "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली.

मग आठवडाभर वाचत बसलो. आता माझं मत असं आहे की कोपर्निकसला, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते या त्याच्या म्हणण्याला, नाही म्हणणारे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ अडाणीही नव्हते आणि पोपला घाबरलेलेही नव्हते. तेव्हा हातात जो पुरावा होता त्यावर 'नाही' हेच शहाणपणाचं उत्तर होतं.

कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. नवी निरीक्षणं त्यात फारशी नाहीत, आकडे बरेचसे पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्याच परंपरेतले. वर्तुळावर वर्तुळं चढवायची जुनी खोडही सुटलेली नाही. छपाईवर नजर ठेवणाऱ्या ओसिअँडरनं तर परस्पर, नाव न घालता, एक प्रस्तावना घुसडली: हे खरं मानायची गरज नाही, गणिताला सोयीचं आहे इतकंच. पुढच्या पिढीनं नेमकं तेच केलं. राइनहोल्डनं १५५१ मध्ये कोपर्निकसच्या पद्धतीनं ग्रह कधी कुठे दिसतील ते सांगणारी 'प्रुटेनिक' कोष्टकं काढली, लोकांनी ती बिनधास्त वापरली, आणि पृथ्वी होती तिथेच ठेवली.

आता टायको ब्राहे. ह्वेन बेटावर, दुर्बीण नसताना, एक-दोन कलांपर्यंत अचूक मोजणारा माणूस. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शुक्राच्या कलांशी गल्लत नको.) डोळ्यापुढे बोट धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटा, बोट मागच्या भिंतीवर सरकतं. पृथ्वी एवढी मोठी फेरी मारत असेल तर सहा महिन्यांनी तारे तसे सरकायला हवेत. सरकत नाहीत. कोपर्निकसवाले म्हणणार, तारे फार लांब आहेत. ठीक. पण टायकोच्या मोजणीत पहिल्या प्रतीचा (सगळ्यात ठळकांपैकी) तारा सुमारे २ कला रुंद होता. इतका लांब असून इतका रुंद दिसतो, तर असेल केवढा? हिशेब केला की एकेक तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेशी स्पर्धा करायला लागतो. यावर रोथमन या कोपर्निकसच्या पाठीराख्यानं दिलेलं उत्तर वाचून मी हसलोच: देवाच्या सामर्थ्याला मोजमाप कसलं! म्हणजे देवाचा धावा कुठल्या बाजूनं झाला बघा.

टायकोनं मग मधला मार्ग काढला. ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य सगळा लवाजमा घेऊन पृथ्वीभोवती. १६०० साली असतो तर मी टायकोच्या गटात असतो. तुम्ही?

कोरडवाहू

चांदणवेडा, ही वकिली झाली. पुरावा नव्हता, कबूल. पण कारण होतं, आणि ते भक्कम होतं.

मंगळ वक्री कधी होतो, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा कधी सरकतो? आकाशात सूर्याच्या समोरासमोर येतो तेव्हाच. गुरूचं तेच, शनीचं तेच. बुध सूर्याला सोडून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे. टॉलेमीला विचारा का, तर म्हणेल असंच आहे बाबा. पाच ग्रहांच्या पाच वह्या आणि प्रत्येक वहीत एक वर्षाचं तेच ते चक्र. पाच दुकानांच्या खातेवह्यांत एकाच गिऱ्हाईकाची उधारी सापडली तर आपण काय म्हणू? हा एकच माणूस सगळीकडे फिरतोय. कोपर्निकस म्हणाला तो माणूस म्हणजे आपण.

शिवाय ग्रहांची अंतरंच हातात आली. बुध ८८ दिवस, शुक्र २२५, पृथ्वी वर्षभर, मंगळ ६८७ दिवस, गुरू १२ वर्षं, शनी साडेएकोणतीस. जितका लांब तितका सावकाश. हे दिसल्यावर ज्याला झोप लागली तो खगोलशास्त्रज्ञ कसला?

चांदणवेडा

खातेवहीची उपमा झकास. पण टायकोच्या रचनेतही एकच गिऱ्हाईक आहे, फक्त त्याचं नाव सूर्य. कोण कुणापासून किती अंतरावर हे दोन्हीकडे सारखंच. तुमचं कारण टॉलेमीला पाडतं, टायकोला नाही.

पंचांगनाना

तुम्ही लोक युरोपातच फिरताय. आपल्या आर्यभटानं हे ४९९ साली सांगून ठेवलंय.

मृगशीर्षा

नाना, आदर राखून सांगते, आर्यभट सांगतो ते पृथ्वी स्वतःभोवती फिरण्याबद्दल. नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत. सूर्य मध्यभागी असं तो म्हणत नाही. आणि एवढं म्हटलं तरी वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त त्याच्यावर तुटून पडलेच. पृथ्वी फिरते तर पाखरं घरट्यात परत कशी येतात, वगैरे. टायकोच्या रचनेशी जवळचं काही हवं असेल तर केरळच्या नीलकंठ सोमयाजींकडे जा, साधारण १५०० साल.

अवांतर: मराठीत हा वाद १८३० च्या दशकात रंगला होता. सिहोरच्या सुबाजी बापू या पंडितांनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहून पुराणं, सिद्धांतग्रंथ आणि कोपर्निकस अशी तिहेरी तुलना केली. पुराणातला मेरू पर्वत आधी भास्कराचार्यांच्या हातून पाडायचा आणि मग पुढे जायचं, अशी त्यांची चाल. घरच्याच माणसाकडून पाया काढून घेतला की पुढचं सोपं जातं!

पंचांगनाना

बरं, स्वतःभोवती तर स्वतःभोवती. ४९९ तर बरोबर आहे ना?

दुर्बीणवाली

शुक्र राहिला की. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओनं शुक्राला चंद्रासारख्या कला पाहिल्या, चंद्रकोरीपासून जवळजवळ पूर्ण बिंबापर्यंत. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडेच, त्याचं बिंब असं भरूच शकत नाही. टॉलेमी तिथेच संपला. रोमच्या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) खगोलशास्त्रज्ञांनीही १६११ मध्ये ही निरीक्षणं खरी असल्याचं मान्य केलं.

पण धागाकर्त्याचा मुद्दा उरतोच, टायकोच्या रचनेतही शुक्र असाच दिसणार. गॅलिलिओ स्वतः ज्याला हुकमी एक्का समजत होता तो भरती-ओहोटीचा युक्तिवाद (पृथ्वी फिरते म्हणून समुद्र हिंदकळतो) तर चक्क चुकीचा होता. रिच्चोली या खगोलशास्त्रज्ञानं १६५१ मध्ये १२६ युक्तिवाद गोळा केले, ४९ पृथ्वी फिरते या बाजूचे, ७७ विरोधातले. पृथ्वी फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा बाजूला वळायला हवा, हेही त्यात आहे. तो खरंच वळतो, त्यांना दिसण्याएवढा वळत नव्हता इतकंच. विरोधकाचा मुद्दा बरोबर निघून विरोधक हरला, असं फार वेळा होत नाही.

माझ्या मते पारडं फिरवलं केप्लरनं. टायकोची मंगळाची निरीक्षणं घेऊन बसला. वर्तुळांनी सगळं जमवलं, फक्त ८ कला चुकत होत्या. दुसरा कुणी असता तर चालवून घेतलं असतं. पण मोजणारा टायको आहे, तो ८ कला चुकणार नाही, म्हणून यानं वर्तुळच सोडलं. १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापलं, त्याच्या नाभीत सूर्य. १६२७ मध्ये उल्मला रुडॉल्फीय कोष्टकं छापली आणि त्यावरून सांगून ठेवलं की ७ नोव्हेंबर १६३१ ला बुध सूर्यबिंबावरून जाईल. स्वतः १६३० मध्ये वारला.

ते बघायला पॅरिसमध्ये गासेंदी हा खगोलशास्त्रज्ञ अंधाऱ्या खोलीत सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून बसला होता. मदतनीसाशी ठरलेलं, मी पाय आपटला की तू सूर्याची उंची मोजायची. ढग येत-जात होते. सकाळी कागदावर एक काळा ठिपका दिसला, पण इतका बारका की याला वाटलं सौरडाग असेल. थोड्या वेळानं बघतो तर ठिपका सरकलेला. पुन्हा बघतो, आणखी सरकलेला. डाग इतका पळत नाही! यानं पाय आपटला, तर मदतनीस जागेवर नाही. (आमच्या ग्रहणाच्या कॅम्पमध्ये हे दर वेळी होतं.)

केप्लरची चूक पाव अंशाच्या आत निघाली. जुनी कोष्टकं कित्येक अंशांनी हुकली. ज्याचं पोट कोष्टकांवर चालतं त्याला याहून वेगळं काय पटवायचं?

आणि टायकोच्या फुगलेल्या ताऱ्यांचं काय, तर बुध अपेक्षेपेक्षा इतका चिमुकला निघाल्यावर डोळ्याला दिसणारी रुंदी फसवी असते हे कळायला लागलं. हॉरॉक्सनं १६३७ मध्ये चंद्रामागे जाणाऱ्या कृत्तिका पाहिल्या. तारे हळूहळू झाकले न जाता एका क्षणात विझत होते. त्यांना रुंदी नव्हतीच.

कोरडवाहू

उत्तम प्रतिसाद. 'पोपला घाबरलेले नव्हते' हे मात्र मी सोडणार नाही. १६१६ मध्ये चर्चनं कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्तीपर्यंत रोखलं, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा. ती ऐकून हॉलंडमध्ये बसलेल्या देकार्तनं आपलं तयार पुस्तक छापणं थांबवलं. कोपर्निकसचं नाव चर्चच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून निघायला १८३५ उजाडलं. अशा वातावरणात कोण मनापासून टायकोवादी होता आणि कोण सोयीसाठी, हे कसं मोजणार? रिच्चोली स्वतः जेझुइट होता, विसरू नका.

चांदणवेडा

हे मान्य, ते वाक्य मी फार झोकात लिहिलं. १६१६ नंतरच्या कॅथलिक देशांपुरतं मागे घेतो. पण टायको डेन्मार्कचा, प्रोटेस्टंट, आणि १६०१ मध्ये वारलेला. त्याच्यावर कुणाचा दबाव होता?

दुर्बीणवाली ताई, गासेंदीच्या मदतनीसाबद्दल विशेष आभार. एक शंका: लंबवर्तुळाची कोष्टकं वापरूनही पृथ्वी स्थिर मानता येतेच ना?

दुर्बीणवाली

कागदावर येते. पण मग एवढा प्रचंड सूर्य सगळे ग्रह ओढत एका छोट्या गोळ्याभोवती का फिरतो, हे सांगा. १६८७ मध्ये न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आल्यावर ते सांगणं अशक्य झालं. तुमच्या मुलीला हवा तो थेट पुरावा फार उशिरा आला. ब्रॅडली तारा सरकतो का बघायला गेला आणि १७२८ मध्ये वेगळंच सापडलं. चालत्या माणसानं पावसात छत्री पुढे कलती धरावी तसा, पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्याचा प्रकाश सुमारे २० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कललेला. टायकोला हवं होतं ते खरं सरकणं बेसेलनं १८३८ मध्ये मोजलं, हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं. एका विकलेचा जेमतेम तिसरा हिस्सा. तोवर वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

चांदणवेडा

म्हणजे वांगणीच्या माळावरून नाहीच दाखवता येत. तिला एक कोरी वही देतोय. दर आठवड्याला मंगळ कुठल्या ताऱ्यांजवळ आहे तो ठिपका काढायचा. तो साधारण २६ महिन्यांनी एकदा वक्री होतो, तेव्हा कंटाळली नाही तर वहीत फास पडलेला दिसेल, आणि त्या दिवशी सूर्य कुठे होता ते तिनंच शोधायचं. तिच्या आईनं विचारलं, "हे शाळेच्या प्रोजेक्टला चालेल का?" म्हटलं, नववीत जमा करा.