मदत हवी आहे: व्हॅनमध्ये शिरणारी वाळवंटी धूळ आणि न थांबणारा खोकला

मंडळी, मी आणि नवरा दोन महिने ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हॅनमध्ये राहतोय. त्याला लहानपणापासून दमा आहे. पंधरा दिवसांपूर्वी धुळीचं वादळ आलं तेव्हा खिडक्या लगेच लावल्या, पण छतावरचा पंखा चालूच राहिला. सकाळी उशी उचलली तर चादरीवर तेवढाच स्वच्छ चौकोन, बाकी सगळीकडे पिठासारखी बारीक धूळ! तेव्हापासून त्याचा कोरडा खोकला थांबत नाही, इन्हेलरही दिवसातून तीनदा लागतोय.

मला जास्त धास्ती व्हॅली फिव्हरची आहे. इथल्या मातीतल्या कॉक्सिडिऑइडिस बुरशीचे बीजाणू श्वासातून आत गेले की 1 ते 3 आठवड्यांनी ताप, खोकला, थकवा सुरू होऊ शकतो, आणि तो साध्या न्यूमोनियासारखाच दिसतो. उद्या डॉक्टरांकडे जातोय. व्हॅली फिव्हरच्या रक्ततपासणीचं मी स्वतःहून विचारणार आहे.

व्हॅनचं काय करू ते सांगा. झाडू बंद केलाय, ओल्या फडक्यानेच पुसते. वारा सुटला की एन-95 मास्क लावतो, पण झोपेत कसा लावणार? 12 व्होल्टवर चालणारा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) एअर प्युरिफायर कोणी वापरलाय का? रात्रभरात बॅटरी किती उतरते? मागच्या दाराची रबरी पट्टी झिजलीय, धूळ तिथूनच येते असं मला वाटतं. ती बदलून कोणाला फरक पडला का? सगळंच बंद ठेवावं तर गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडावीच लागते.

दम्याचं माणूस सोबत घेऊन कोणी असं राहिलं असेल तर कृपया लिहा.